बंद दालनाच्या छायाचित्रणासाठी आभार

जुन्या सराईच्या, भुताटकीसाठी बदनाम असलेल्या ओसाड हॉटेल-विभागाचे छायाचित्रण ज्यांच्यामुळे पार पडले, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. गंजलेले कुलूप उघडून देणाऱ्या आणि कुजलेल्या फळ्यांवर खडूने फुल्या मारून पाय कुठे ठेवू नये हे दाखवणाऱ्या रखवालदारांचा मी विशेष ऋणी आहे. आयएसओ १०० (प्रकाशसंवेदनशीलता) आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप) वर ३० सेकंदांचे एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडे ठेवून प्रकाश घेणे, चालू असताना जमिनीच्या हादऱ्याने ट्रायपॉड हलू नये म्हणून जिन्यात निश्चल उभ्या राहिलेल्या दोघा पाहुण्यांचेही आभार. त्यांतील एकजण मध्येच बाजूला झाल्याने त्यांची आरपार दिसणारी आकृती चित्रात उमटली, आणि आम्हाला भेटलेले भूत ते एवढेच. निघताना माझी विसरलेली लेन्सची टोपी कॅमेऱ्याच्या पिशवीवर निमूट ठेवणारे कोण, हे मात्र कळले नाही; त्यांनाही धन्यवाद.