यंदा दिवेघाट गाडीतून

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी निर्णय सांगते, मग हवं तेवढं रागवा. तुमची नडगी दुखतेय, म्हणून काल मी दिंडीप्रमुखांना फोन केला आणि यंदा पुणे ते सासवड तुम्ही दिंडीच्या गाडीतून याल, असं सांगून टाकलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता, आणि तुमचं ‘बघू’ म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय गाडीतल्या जागा आधी भरतात. शिवाय त्या टप्प्यात ३० किलोमीटरच्या वर चाल, त्यात घाटाचा चढ. पुढची सीट मागून घेतली आहे, पाय लांब करता येतील. घडीची खुर्ची आणि तुमची ती पातळ उशीही गाडीतच जाईल. बिनसाखरेच्या चहाचंही बोलून ठेवलंय.

वारी बंद म्हणत नाहीये. जेजुरी-वाल्हे साधारण १२ किलोमीटर, लोणंद-तरडगाव ८, वाखरी-पंढरपूर ५. नडगी तोवर शांत झाली तर एवढं पायी चाला. चांदोबाचा लिंब लोणंद-तरडगावच्याच वाटेवर आहे, म्हणजे उभं रिंगण चुकत नाही.

आई, परवा व्हिडिओवर तू बाबांची नडगी दाबलीस ना, तेव्हा घोट्याच्या चार बोटं वरपासून आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखला. असा लांब पट्टा दुखणं, चालायला लागताना ठणका, अंगात ऊब आल्यावर कमी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा: हे शिन स्प्लिंटचं, म्हणजे नडगीच्या हाडावर ताण येऊन होणाऱ्या दुखण्याचं, लक्षण. पळणारी पोरं आणि भरतीची तयारी करणारे यांच्यात नेहमी दिसतं, पण एकदम चाल वाढवणाऱ्या कुणालाही होतं. भार वाढला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. काढणं लवकर होतं, भरायला आठवडे लागतात. बाबा, तुम्ही ३ किलोमीटरवरून पंधरवड्यात १० वर गेलात, तेही देवळाभोवतीच्या फरशीवर आणि चपला घालून. सैल चपलेत बोटं तिला धरून ठेवत राहतात आणि पोटरीच्या खोलातल्या स्नायूंना दिवसभर काम पडतं. म्हणजे यात वयाचा दोष फारसा नाही, घाईचा आहे.

आता दोन आठवडे सरावाची चाल बंद. घरातली, भाजीपर्यंतची चालेल. दम टिकवायला घरातली जुनी सायकल स्टँडवर लावून २० मिनिटं, हलक्या पायाने. पायऱ्या कमी. बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. बाबांना साखर आहे, तळव्यांना कमी कळतं, म्हणून बर्फ थेट कातडीवर नको, आणि आई, दर ५ मिनिटांनी कातडी तू बघ. लहानपणी माझे पाय दुखले की तुम्ही दोघं आळीपाळीने तेल चोळत बसायचा. ते तेल आता बाबांच्या पोटरीला लाव, रात्री, हलक्या हाताने. हाडाच्या कडेवर मात्र रगडू नकोस. तिथलं आवरण आधीच चिडलेलं आहे. आणि कपाटातल्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. बीपीच्या औषधाबरोबर त्या मूत्रपिंडाला जड जातात, डॉक्टरांना विचारूनच.

व्यायाम फार नाहीत, पण ते टाळलेत तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. ओट्याला धरून उभे राहा, गुडघे किंचित वाकवा आणि टाचा वर उचला: २ सेकंदांत वर, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. गुडघा वाकवणं महत्त्वाचं, कारण खोलातली पोटरी तेव्हा जास्त राबते. सरळ गुडघ्याने केलं की वरचा मोठा स्नायूच बरंचसं उचलतो आणि आपण व्यायाम केला असं वाटत राहतं. मग भिंतीला पाठ टेकून, पाऊल एक फूट पुढे, टाच जमिनीवर ठेवून चवडा वर, १५ वेळा. शेवटी भिंतीला हात लावून पोटरी ताणायची, ३० सेकंद गुडघा सरळ, ३० सेकंद वाकवून. ताण जाणवावा, दुखू नये. दुखणं दहापैकी दोनच्या वर गेलं किंवा सकाळी जास्त ठणकलं, तर पुढच्या वेळी निम्मं करा.

बूट बदला, बाबा. टाचेचा आतला कोपरा खाल्लेला मला व्हिडिओतही दिसला. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ दबतो, वरून बूट नवाच दिसला तरी. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवी. ते घालून आधी घरात दोन दिवस फिरा. नवे बूट पहिल्यांदा वारीतच घालायचे नाहीत, आत्याच्या फोडांची आठवण आहे ना?

दाबून दुखणं गेलं आणि चार-पाच दिवस घरातली चाल न दुखता झाली, की २० मिनिटं, सपाट मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड. दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवा, चौथ्या आठवड्यात थोडं कमी करा. रस्त्याच्या उतरत्या कडेने चालू नका, तिरप्या पायावर भार वाकडा येतो.

आई, हे तुझ्यासाठी, कारण बाबा सांगणार नाहीत. एका बोटाने एकाच ठिपक्यावर दाबल्यावर जोराची कळ आली, किंवा रात्री बसल्या-झोपल्या ठणका लागला, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका, गरज पडली तर एमआरआय. एकच पोटरी सुजली, गरम झाली, लाल झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, रविवार असला तरी. आणि थोडं चाललं की पोटरी आवळते आणि उभं राहिलं की काही मिनिटांत सुटते असं दिसलं, तर ते नडगीचं नाही, रक्तवाहिन्यांचं असू शकतं. बाबांची साखर आणि जुनी सवय पाहता तेही तपासून घ्यायचंच. सोबत डी जीवनसत्त्व आणि हाडांची घनता, रिपोर्ट मला पाठवा.

बाबा, रागावला असाल तर फोन उचलू नका, पण ओट्यापाशी टाचा मात्र उचला. मी आईला विचारणार आहे.

तुमची,
ठमी

ता. क. बुटांची पावती जपून ठेवा. बसले नाहीत तर लगेच परत करायचे, ‘चालेल’ म्हणून घालायचे नाहीत.