ड्रॅक्युला पुरे, ब्राशोव बघा की!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रोमानियातला ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे नुसता ड्रॅक्युला, अहो पण तिथल्या ब्राशोवचं काय? जर्मन बोलणाऱ्या सॅक्सन लोकांनी वाढवलेलं हे शहर, तिथलं काळं चर्च १६८९ च्या आगीत होरपळलं म्हणून ते नाव पडलं असं म्हणतात, आणि आत चक्क तुर्की गालिचे टांगलेत, जुन्या व्यापाऱ्यांनी दिलेले! रोमानियन भाषेतलं सगळ्यात जुनं टिकलेलं पत्र १५२१ मधे इथल्याच नगराध्यक्षाला आलेलं, तुर्की फौजेच्या हालचाली कळवणारं. १९५० ते ६० तर गावाचं नाव स्टालिन शहर होतं, डोंगरावर झाडांनी लिहिलेलं पण. १९८७ च्या नोव्हेंबरात ट्रक कारखान्यातले कामगार हुकूमशहा चाउशेस्कूविरुद्ध रस्त्यावर उतरले, त्यावर एक ओळ नाही तुमच्याकडे. सुळ्यांचे फोटो मात्र चार.

– एक वाचक, ठाणे