2 मैल 19 साखळ्या: मोजणीदार काकांना आभाराचं पत्र

काका, साष्टांग नमस्कार.

तुम्ही परत साताऱ्याला गेलात त्याला दोन महिने झाले. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि गाडी टोमॅटोच्या भावावर नेता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता मध्येच तोडता यायचं नाही.

इथल्या, अ‍ॅडलेडमधल्या, मराठी घरांच्या महिन्याच्या बैठकीत मला साउथ ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांच्या सीमेच्या भांडणावर बोलायचं होतं. अ‍ॅडलेडहून मेलबर्नला जाताना घड्याळ अर्धा तास पुढं करायचं, एवढीच माझी त्या सीमेशी ओळख. (बॉर्डरटाऊन हे गाव सीमेवर नाहीच, बरंच अलीकडे आहे, हेही तेव्हाच कळलं.) सनावळी पाठ केली होती. 1836 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाची पूर्व हद्द 141 वा रेखांश ठरली, 1839 मध्ये चार्ल्स टायर्स या मोजणीदारानं ग्लेनेल्ग नदीच्या मुखाजवळ तो शोधून काढला, 1847 मध्ये हेन्री वेड समुद्रापासून उत्तरेकडे आखणी करत निघाला. आणि मग ते वाक्य आलं: रेघ खऱ्या रेखांशाच्या 2 मैल 19 चेन पश्चिमेला पडली. तिथं मी अडले. चेन म्हणजे किती, आणि अशी कशी पडली?

तुम्ही सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणालात, "आमच्या साखळीच्या दुप्पट." आमची 33 फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची; त्यांची 66 फुटांची, मैलाला 80. 33 बाय 33 म्हणजे गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर, आणि त्यांच्या दहा चौरस साखळ्यांचाही एकरच. लहानपणापासून गुंठा ऐकत आले, पण तो एका साखळीचा चौरस आहे हे मला अ‍ॅडलेडमध्ये कळावं!

मग वाणसामानाच्या पावतीमागं तुम्ही गणित मांडलंत. पृथ्वी एका सेकंदात तिथल्या अक्षांशावर साधारण 365 मीटर फिरते. चूक 2 मैल 19 चेन, म्हणजे 3600 मीटरची. म्हणजे घड्याळातले जेमतेम दहा सेकंद. रेखांश काढायचा म्हणजे दुसऱ्या गावची वेळ बरोबर न्यायची, आणि टायर्सच्या काळात ती नेणार कशी? घड्याळं हलत-डुलत न्यायची, चंद्राची निरीक्षणं करायची, मेळ बसेल तो बसवायचा. 1868 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा चार्ल्स टॉड आणि न्यू साउथ वेल्सचा जॉर्ज स्मॉली या सरकारी खगोलशास्त्रज्ञांनी मरे नदीजवळ चौविलाला तारायंत्रानं वेळ मागवली, तेव्हा चूक उघडी पडली. टायर्सला मी टिपणात "निष्काळजी" लिहिलं होतं. तुम्ही तो शब्द खोडायला लावलात आणि वर बजावलंत, "दहा सेकंद चुकवून दाखव आधी."

खरं सांगू, मी एडवर्ड व्हाइटला एका ओळीत उरकलं होतं. वेड 120 मैलांहून जास्त आखणी करून थांबला आणि उरलेलं व्हाइटनं पुरं केलं, बस. तुमचा पहिला प्रश्न होता, "त्याला पाणी कुठलं?" पाणी नव्हतंच! वाळू, मॅलीची खुरटी झाडी, त्यातून सरळ रेघ कापायची आणि झाडांवर खुणा करत जायचं. जनावरं तहानेनं मेली. डिसेंबर 1850 मध्ये तो कसाबसा नदीला लागला. "मरता मरता मरे गाठली," असं तुम्ही म्हणालात आणि स्वतःच हसलात. हा विनोद मी बैठकीत चोरला, लोकांनी टाळ्याही दिल्या. श्रेय आज देते. पण त्या दिवशी लोक खरे गप्प झाले ते पाण्याच्या गोष्टीपाशी.

निकाल तुम्ही माझ्याआधी ओळखलात. व्हिक्टोरियाकडं गेलेली पाचशे चौरस मैलांहून जास्त जमीन, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, मग 1911 मध्ये ऑस्ट्रेलियाचं हायकोर्ट आणि 1914 मध्ये त्यावरच्या अपिलाचं लंडनमधलं कोर्ट, प्रिव्ही कौन्सिल. दोन्हीकडं व्हिक्टोरिया जिंकली. दोन्ही सरकारांनी मिळून जमिनीवर आखून घेतलेली, जाहीरनाम्यानं मान्य केलेली हद्द तीच खरी, रेखांश कुठं का असेना. तुम्ही म्हणालात, "दगड सगळ्यांसमोर रोवला ना? मग झालं." मला हे अजून पुरतं पटलेलं नाही. साउथ ऑस्ट्रेलियावर अन्याय झाला असंच वाटतं, कदाचित इथंच राहते म्हणूनही असेल. मरे नदीपाशी नकाशात सीमा अशी पश्चिमेला सरकलेली दिसते की पाहणाऱ्याला वाटावं, कुणाचा तरी हात हलला.

आणखी एक. गावाकडच्या बांधाचं तुम्हाला माहीतच आहे. नवी मोजणी आली, दीड गुंठा चुलत्यांकडं निघाला, आणि मी बाबांना "सोडू नका" म्हणत होते. तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, फक्त "बांधावरचं चिंचेचं झाड कुणी लावलं?" एवढं विचारलंत. मी बाबांना विचारलं. आजोबांनी आणि त्यांच्या भावानं, दोघांनी मिळून. अर्ज अजून बाबांच्या कपाटात आहे. भरलेला, पण दिलेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात याल तेव्हा आपण चौविलाला जाऊ. येताना तुमची ती 33 फुटी साखळी आणा, पण मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवलीत, तर विमानतळावर सोळा आण्यांचा हिशेब तुम्हालाच समजावत बसावं लागेल.

तुमची,
अ‍ॅडलेडची पुतणी