विज्ञानाची बातमी हाती घेताना: मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

विज्ञानाचं पान तुझ्याकडे आलं हे वाचून बरं वाटलं. तुझा प्रश्नही रास्त आहे: शोधनिबंध शास्त्रज्ञांनी लिहिलेला, त्यांच्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी वाचून पास केलेला, वर विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक सोप्या भाषेत तयार, मग बातमीदाराने करायचं काय, नुसतं टंकायचं? पुष्कळ ठिकाणी तेवढंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

या धंद्याने बराच काळ पोस्टमनचं काम केलं. 1665 मध्ये लंडनला हेन्री ओल्डेनबर्गने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं, तेव्हा लिहिणारे आणि वाचणारे एकाच वर्तुळातले होते. सामान्य वाचक एकोणिसाव्या शतकात स्वस्त दैनिकांबरोबर आला आणि आल्या आल्या फसला. ऑगस्ट 1835 मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन'ने सहा भागांत छापलं की खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलला दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारख्या पंखांची माणसं दिसली. हवाला एडिंबरोच्या एका शास्त्रीय नियतकालिकाचा दिला होता, आणि ते तोवर बंद पडलेलं होतं. हसू येतं खरं, पण आजच्याही बऱ्याच चुकांचं मूळ तेच आहे: मूळ कागद कुणी उघडत नाही.

1919 च्या सूर्यग्रहणात, आइनस्टाइनने सांगितल्याप्रमाणे ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो, हे मोजलं गेलं. नोव्हेंबरात लंडनला निकाल जाहीर झाला, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी सोपवली हेन्री क्राउचकडे; हा गृहस्थ एरवी गोल्फच्या स्पर्धा पाहायचा. पुढे मात्र वेगाने बदल झाले. 1921 मध्ये अमेरिकेत 'सायन्स सर्व्हिस' ही वृत्तसंस्था निघाली, तिचा पहिला संपादक एडविन स्लॉसन हा रसायनशास्त्रज्ञ. 1934 मध्ये तिथल्या विज्ञान लेखकांची संघटना झाली. 1937 मध्ये पाच विज्ञान बातमीदारांना मिळून पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक मिळालं, त्यांत गोबिंद बिहारी लाल होते. धंद्याला प्रतिष्ठा आली, पण बातमीदार शास्त्रज्ञाच्या बाजूच्या खुर्चीत बसला. त्याची किंमत 1945 मध्ये दिसली. त्या पाचांपैकीच विल्यम लॉरेन्स हा अणुबाँब प्रकल्पात सरकारसाठी पत्रकं लिहीत होता आणि 'टाइम्स'चा बातमीदारही होता. सप्टेंबरात विल्फ्रेड बर्चेट हा पत्रकार हिरोशिमातून लिहीत होता की स्फोटातून वाचलेली माणसं कसल्याशा अज्ञात विकाराने मरताहेत. त्याच महिन्यात लॉरेन्सच्या बातमीत किरणोत्साराची चर्चा हा जपानी प्रचार ठरला. पुढच्या वर्षी लॉरेन्सला दुसरं पुलित्झर मिळालं. माहिती त्याच्याकडे जास्त होती, अंतर मात्र नव्हतं.

1962 मध्ये रेचल कार्सन या जीवशास्त्रज्ञ लेखिकेने कीटकनाशकांवर लिहिलं तिथपासून वारा फिरला. विज्ञानातूनच विज्ञानाच्या वापराला प्रश्न विचारता येतो, हे वाचकांना कळलं. तो इतिहास तुला माहीत आहे, म्हणून पुढे जातो.

आता तुझ्या टेबलावर रोज काय येऊन पडेल ते बघ. मोठी नियतकालिकं निबंध छापायच्या काही दिवस आधी बातमीदारांना देतात, अट एवढीच की ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही. हा एम्बार्गो. त्यामागचा हेतू चांगला आहे, वाचायला आणि बाहेरच्या माणसाला फोन करायला वेळ मिळावा. प्रत्यक्षात सगळे एकाच मिनिटाला एकच बातमी टाकतात आणि मिळालेला वेळ प्रसिद्धिपत्रक सारखं करण्यात जातो. तू तो वेळ वापर.

प्रसिद्धिपत्रकावर मी इतका का घसरतो? 2014 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांच्या 462 पत्रकांची तपासणी छापून आली. 36 टक्के पत्रकांत प्राण्यांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष माणसांना अवाजवी लावला होता. पत्रकात तशी अतिशयोक्ती असली की 86 टक्के बातम्यांत ती उतरली होती. पत्रकात नसली तर फक्त 10 टक्के बातम्यांत. बातमीदार स्वतः फारसं फुगवत नाही, फुगलेलं पुढे ढकलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पत्रक शेवटी वाचायचं.

निबंध वाचताना सारांशापासून सुरुवात करू नकोस. आधी पद्धतीचा भाग काढ आणि चार गोष्टी लिहून घे: अभ्यास कशावर झाला (पेशी, उंदीर, माणसं), किती जणांवर, किती काळ, आणि तुलना कशाशी. उंदीर असतील तर 'उंदरांमध्ये' हा शब्द मथळ्यात गेला पाहिजे, सातव्या परिच्छेदात नाही. मग निकालांचे तक्ते, मग चर्चेच्या शेवटी दडलेला मर्यादांचा परिच्छेद, मग निधी आणि हितसंबंध. औषधाची चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक निबंधात असतो. नोंदणीच्या संकेतस्थळावर जाऊन चाचणी सुरू होण्यापूर्वी मुख्य निकष काय ठरवला होता ते बघ. तिथे 'मृत्यू' असेल आणि निबंधाचा मुख्य निष्कर्ष 'रक्तातल्या अमुक घटकाची पातळी' असेल, तर मधल्या काळात लक्ष्य हललेलं आहे. का हललं हा तुझा पहिला प्रश्न.

सगळ्यात जास्त घोळ टक्क्यांचा होतो. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं की प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. आता हिशेब करू. हा कर्करोग आयुष्यभरात 100 पैकी साधारण 6 जणांना होतो असं धर. 6 चे 18 टक्के म्हणजे एकाहून किंचित जास्त. म्हणजे हे मांस रोज खाणाऱ्या 100 जणांत 6 ऐवजी 7. दोन्ही आकडे खरे आहेत, पण 18 वाचून वाचकाला वाटतं की आपल्याला कर्करोग होण्याची शक्यताच 18 टक्के. त्यातच या मांसाला तंबाखूच्याच गटात टाकलं होतं, म्हणून 'सिगारेटइतकंच घातक' असे मथळे झळकले. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. बातमी लिहिताना मूळ धोका किती, वाढून किती झाला, आणि किती माणसांत एक जादा रुग्ण, हे तिन्ही आकडे दे. निबंधात मूळ धोका सापडला नाही तर लेखकाला विचार, त्याच्याकडे बहुधा असतो.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे 7000 स्त्रियांमागे 1 ऐवजी 2. घाबरून असंख्य जणींनी गोळी सोडली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, हे कुठल्या मथळ्यात मावणार?

दुसरा सापळा म्हणजे भरपूर गोष्टी मोजायच्या आणि लागलेली तेवढी दाखवायची. 2015 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने चॉकलेटवर मुद्दाम असा अभ्यास करून दाखवला. माणसं 15, गट तीन, मोजमापं 18: वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. प्रत्येक मोजमापात निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के धरली, तर 18 पैकी निदान एकात तसा दिसण्याची शक्यता जवळजवळ 60 टक्के होते. वजनात दिसला, आणि 'चॉकलेटने वजन उतरतं' ही बातमी अनेक देशांत फिरली. माणसं किती होती हे विचारणारे फार थोडे निघाले. तेव्हा निबंधात किती गोष्टी मोजल्या ते मोज. पूरक तक्त्यांत लांबलचक यादी असेल आणि बातमी एकाच ओळीवर उभी असेल, तर पान दुसऱ्या मजकुराने भर.

तज्ज्ञांनी तपासलंय याचाही फार भरवसा धरू नकोस. परीक्षकाला बहुधा कच्ची माहिती मिळत नाही, लेखकाने दिलेले तक्ते मिळतात. मे 2020 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध कोविडवर देण्याबद्दल 96,032 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात 21 एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात 73 मृत्यू दाखवले होते. देशभरातला नोंदलेला आकडा त्या तारखेला 67 होता. म्हणजे काही रुग्णालयांच्या नोंदींत देशभरातल्यापेक्षा जास्त मृत्यू. 'गार्डियन'च्या ऑस्ट्रेलियातल्या बातमीदारांनी ही तफावत धरून रुग्णालयांना फोन केले, माहिती पुरवणारी कंपनी खोदून काढली, आणि 4 जूनला निबंध मागे घेतला गेला. शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे प्रश्न विचारतच होते. पण बातमीदारांच्या कामात संख्याशास्त्राची पदवी लागेल असं काही नव्हतं, जाहीर आकड्यांचा तक्ता शेजारी ठेवायचा होता.

बाहेरच्या तज्ज्ञाला फोन करताना निबंध आधी पाठव आणि 'कसा वाटला?' असं विचारू नकोस. 'उत्तम काम आहे' यापलीकडे काही हाती लागणार नाही. विचार: यातला सगळ्यात कच्चा आकडा कुठला? दुसरं काय कारण असू शकतं? कशाने तुमचं मत बदलेल? लेखकांचे जुने सहकारी टाळ. गेल्या काही वर्षांत एकत्र निबंध लिहिले आहेत का हे पाच मिनिटांत कळतं.

दोन्ही बाजू देण्याची राजकीय बातमीतली सवय इथे आणू नकोस. हवामानबदलावरच्या 1988 ते 2002 या काळातल्या अमेरिकी वृत्तपत्रांतल्या बातम्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त बातम्यांत मानवी कारणाला आणि त्याच्या नकाराला जवळपास सारखंच वजन दिलेलं आढळलं. शास्त्रज्ञांत मतं तशी विभागलेली नव्हती. बाजू किती आहेत त्यापेक्षा पुरावा कुठे किती आहे ते लिही.

मथळा उपसंपादक लावतो आणि तिथे 'शक्यता' गळून पडते, तेव्हा कॉपीबरोबर स्वतःच दोन मथळे देत जा, जागेत बसतील असे. आणि छापलेल्या बातम्यांची यादी ठेव. गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा निबंध 12 मुलांवर होता. ब्रायन डीअर या पत्रकाराने 2004 पासून तो उकलत नेला, तरी मागे घेतला गेला 2010 मध्ये. तुझ्या यादीतला एखादा निबंध मागे घेतला गेला तर ती बातमीही तेवढ्याच जागेत लाव. संपादक कुरकुरतील, कारण जुन्या बातमीला वाचक नसतो असं त्यांना वाटतं.

पहिला मजकूर छापायला जाण्याआधी पाठव, पण निबंधाच्या पीडीएफसकट. नुसती बातमी पाठवलीस तर फार तर शुद्धलेखन तपासून देईन.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध