नोंदवहीतले चारित्र्य

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षे शिकवून मी निवृत्त झालो. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता अशी दहा मूल्ये आमच्या परिपाठात आहेत, आणि ती मुलांना पाढ्यांसारखी पाठही असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या नोंदींची.

2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (मुलाची वर्षभर, सर्व अंगांनी पारख करण्याची पद्धत) आले, तेव्हा प्रत्येक मुलाच्या गुणविशेषांची वर्णनात्मक नोंद करणे आम्हांला बंधनकारक झाले. कल्पना उत्तमच होती. पण माहित्या, अहवाल आणि निवडणुकीची कामे उरकून चाळीस मुलांचे स्वभाव कधी न्याहाळायचे? बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या आणि ‘मित्रांना मदत करतो’, ‘आपल्या वस्तू नीटनेटक्या ठेवतो’ ही वाक्ये इतरांप्रमाणे मीही हजेरीच्या क्रमाने उतरवून काढली. एकदा सत्र संपताना चौथीतला एक मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला, पुस्तिकेत डोकावला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, यात माझं नाव कुठंय?’’ मी त्याला फळा पुसायला पाठवले. प्रामाणिकपणावरचा माझा त्या दिवशीचा पाठ त्याने नक्कीच लक्षात ठेवला असेल.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि अंगमेहनतीची कामेही करत. समता आणि श्रमप्रतिष्ठा त्यांच्या अंगवळणी पडली ती अशी. कोणाच्या शेऱ्याची त्यासाठी गरज पडली नाही. आज आपल्याकडे रोज दुपारी पोषण आहाराची पंगत बसते. तिथे मोठ्या मुलांनी धाकट्यांना वाढावे, आणि गुरुजींनीही त्याच पंगतीत ताट घेऊन बसावे, एवढे जरी झाले तरी खूप आहे. (आमच्याकडे शिक्षक बहुधा कार्यालयात बसून डबा खात; मीही खात असे.)

म्हणून विनंती इतकीच, की गुणविशेषांच्या सक्तीच्या नोंदी रद्द कराव्यात, आणि ज्या मुलाबद्दल शिक्षकाला खरोखर काही सांगावेसे वाटते, त्याच्या पालकांना शिक्षकाने वर्षातून एकदा स्वतःच्या शब्दांत पत्र लिहावे. ज्यांच्याबद्दल काही सुचणार नाही, त्यांचा रकाना कोरा राहू द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक