ग्वांगझूच्या ताईंना, सोलापूरहून

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "काकू, माझं नाव कुठे टाकू नका हं," असं तुम्ही फोनवर बजावलं होतंत. तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या, पण पहिल्या फोनपासून तोंडात ताईच आलं, ते तसंच राहू द्या. परत आल्यापासून रोज लिहायला घेते आणि दोन ओळींत घसा दाटतो. आता दिवाळी उरकली, घरातले पाहुणे गेले, आज लिहूनच उठायचं ठरवलंय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळलंच पाहिजे.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने क्रूझची तिकिटं काढली. योकोहामाला चढायचं, त्यान्जिनला उतरायचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'बीजिंग' होतं. जहाज बीजिंगला लागतच नाही, बंदर तिथून दीडशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे चार दिवस चीनमध्ये काय बघायचं यावर घरात चर्चा सुरू झाली. नातू म्हणाला भिंत, सून म्हणाली राजवाडा. हे गप्प होते. शेवटी म्हणाले, "मला कोटणीसांच्या समाधीला जायचंय."

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक बोटीने चीनला गेलं, त्यांतले ते एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि जखमी सैनिकांना डॉक्टर मिळत नव्हते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. 1941 मध्ये तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. को छिंगलान नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि मूल काही महिन्यांचं असताना 9 डिसेंबर 1942 ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघं 32. त्यांची समाधी शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे.

ह्यांनी सिव्हिलच्या औषध विभागात एकतीस वर्षं काढली. भैय्या चौकात कोटणीसांच्या घराचं स्मारक झालं त्याच्याही आधीपासून दर 10 ऑक्टोबरला कामावर जाताना त्या घरासमोर सायकल थांबवून, चप्पल काढून, हात जोडून पुढे जायचे. चाळीस वर्षांत नवऱ्याने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एक मागितलं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका मोठ्या टुरिस्ट कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो. नाव घेत नाही, पण जे झालं ते सांगते, कारण ते अजून मनातून जात नाही. त्यांनी सांगितलं, क्रूझने जाताय ना, मग चीनचा व्हिसा लागत नाही. ती सवलत आहे खरी, पण ग्रुपने जहाजातून येऊन त्याच जहाजाने पुढे जाणाऱ्यांसाठी. आम्ही तर बॅगा घेऊन कायमचे उतरणार होतो. त्यांच्यावर विसंबलो असतो तर मुळात जहाजावर तरी चढू दिलं असतं का, कुणास ठाऊक. मग त्यांनी चार दिवसांत चौदा ठिकाणं बसवलेला कागद हातात दिला. त्यात राजवाडा सोमवारी. सोमवारी तो राजवाडा बंद असतो! आणि कोटणीसांचं विचारल्यावर त्या मुलाने कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि मान वर न करता म्हणाला, "असं काही दाखवत नाही. आणि काका, तिथे कोण जातं? त्यापेक्षा तुम्हाला सिल्क मार्केट टाकून देतो."

ह्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठले. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर आठ दिवस घरात चीनचं नावच निघालं नाही. मुलगा म्हणाला, जहाजातून उतरून सरळ विमानाने परत या. मीही 'बरं' म्हणाले, आणि ते 'बरं' मला अजून टोचतं.

मग भाचीने तुमचा नंबर दिला. मी संकोचाने फोन केला. ओळख ना पाळख, त्यातून तुम्ही ग्वांगझूला, म्हणजे बीजिंगपासून दोन हजार किलोमीटर दक्षिणेला, नोकरीच्या व्यापात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "काकांना कोटणीसांबद्दल इतकं का वाटतं?" ताई, तोपर्यंत आम्हाला सगळ्यांनी विचारलं होतं ते किती जण, कुठलं हॉटेल, बजेट किती. मी फोन ह्यांच्याकडे दिला. हे अर्धा तास बोलत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि भाजी करपली तरी गॅस बंद करायचं भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला: "काकू, तिकडे कोटणीस म्हटलं तर कुणाला कळणार नाही. त्यांचं चिनी नाव ख ती-ह्वा. ह्वा म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावात ते अक्षर घेतलं होतं. आणि त्यांच्या मुलाचं नाव यिन-ह्वा, यिन म्हणजे भारत." कंपनीच्या कॉम्प्युटरला न सापडलेला माणूस असा एका निरोपात सापडला. हे दिवसभर ते नाव म्हणत होते. अंघोळीला गेले तरी आतून 'ख ती-ह्वा' ऐकू येत होतं.

पुढचं सगळं तुम्ही कसं जुळवलंत त्याच्या तपशिलात जात नाही. चौदांतली अकरा ठिकाणं तुम्ही खोडलीत आणि म्हणालात, काकांच्या गुडघ्यांना एका दिवशी एकच जागा. भिंतीसाठी मुतियान्यू, कारण तिथे केबल कारने वर जाता येतं. राजवाडा मंगळवारी, दक्षिणेच्या दाराने आत, उत्तरेच्या दाराने बाहेर, आणि तिकीट पासपोर्टवर आधी काढून ठेवलेलं. एकवेळ एखादा चांगला एजंटही हे सांगेल. पण थर्मास बरोबर घ्या, स्टेशनवर आणि रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, काकूंना चहा करता येईल, हे कुठला एजंट सांगतो?

आणि मग ते पाकीट. गणपतीत पुण्याला आलेल्या तुमच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी हाती तुम्ही ते धाडलंत. आत सहा कार्डं, पत्त्यांच्या पानांपेक्षा थोडी मोठी, वरून प्लॅस्टिक लावलेली. प्रत्येकावर चिनी अक्षरं, तुमच्या हातची, आणि खाली तुमच्याच अक्षरात मराठी. "म्हणजे आपण समोरच्याला काय देतोय ते तुम्हाला कळेल," असं वर एका चिठ्ठीवर होतं. एक हॉटेलच्या पत्त्याचं. एक जेवणाचं: मांस नको, मासे नको, अंडं नको, भाजीत डुकराची चरबी नको, हाडांचं पाणी नको. एक ह्यांच्या मधुमेहाचं. एक स्टेशनचं. एक फुलवाल्यासाठी: पिवळी आणि पांढरी शेवंती द्या, समाधीवर वाहायची आहेत.

सहाव्या कार्डावर मी तुम्हाला फक्त पत्ता लिहायला सांगितलं होतं. तुम्ही पत्त्याच्या वर एक ओळ घातली होतीत. खाली मराठीत होतं: "आम्ही भारतातून, सोलापूरहून आलो आहोत. डॉक्टर ख ती-ह्वा आमच्या गावचे."

ती ओळ मी मागितली नव्हती, ताई. तुम्हाला ती सुचली. हे ते कार्ड हातात धरून खिडकीपाशी बसून राहिले. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. आजपर्यंत आमची ओळख कागदोपत्री 'सिनियर सिटिझन कपल, व्हेज' एवढीच होती. तुम्ही आम्हाला आमचं गाव दिलंत.

बीजिंग वेस्ट स्टेशनहून शिजियाझुआंग जवळपास 280 किलोमीटर, गाडीने सव्वा तासात पोहोचवलं. स्टेशनबाहेर टॅक्सी मिळाली. ह्यांनी पुढे वाकून ड्रायव्हरला कार्ड दिलं. पन्नाशीचा माणूस असेल. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, आणि अंगठ्याचं नख एकेका अक्षराखाली सरकवत वाचायला लागला. पत्त्यापर्यंत गेला, परत वरच्या ओळीवर आला. मग मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. "ख ती-ह्वा?" हे म्हणाले, "ख ती-ह्वा. सोलापूर." त्याने गाडीत चालू असलेलं गाणं बंद केलं. पोहोचेपर्यंत परत लावलं नाही. उतरताना कार्ड परत दिलं ते दोन्ही हातांनी.

आत मोठी झाडं आहेत, शांतता आहे. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही तिथेच आहे, ते कॅनडाचे, 1939 मध्ये जखमींवर उपचार करताना रक्तात विष पसरून गेले. आणि तिथे आमचे डॉक्टर. पुतळा बघून हे काही वेळ हललेच नाहीत. मग शेवंती वाहिली, समाधीच्या दगडावर हात ठेवला आणि सोलापूरच्या बोलीत म्हणाले, "डॉक्टर, गावाकडनं आलोय." मला पुढचं दिसेना. डोळे पुसून बघितलं तर चप्पल काढून उभे होते, तसेच, त्या घरासमोर उभे राहायचे तसे.

एका झाडाखाली बसून आम्ही शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, थर्मासमधला चहा प्यायलो. हे म्हणाले, "तिला फोन लाव." तुम्ही मीटिंगमध्ये होतात, तरी उचललात. मला बोलता येईना आणि तुम्ही तिकडून म्हणत होतात, "काकू, पोहोचलात ना? बसा निवांत, मला काही घाई नाही."

माणसं वाईट असतात असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. त्या ऑफिसातला मुलगाही वाईट नसेल, त्याला दिवसाला पन्नास जण भेटत असतील. पण समोरच्याच्या मनात काय आहे ते थांबून विचारायला पैसे लागत नाहीत. तुम्हाला आमच्याकडून काय मिळणार होतं? एक रुपया घेतला नाहीत. कुरिअरचे तरी घ्या म्हटलं तर रागावलात. तुमच्या आईवडिलांना मी भेटलेले नाही, पण तुमच्याशी बोलताना त्यांचं घर कसं असेल ते मला दिसायचं. दाराशी आलेल्याला आधी पाणी विचारणारं घर. परदेशात इतकी वर्षं राहून ते तुम्ही जपलंत, त्याचं मला फार फार कौतुक आहे.

पाच कार्डं मी तुमच्या चिठ्ठीसकट डब्यात ठेवली आहेत, कुणी निघालं तर देईन. सहावं ह्यांच्या शर्टाच्या खिशात असतं, धुवायला टाकताना मला रोज काढून ठेवावं लागतं.

डिसेंबरात सांगलीला येणार म्हणालात. मग सोलापूरला दोन दिवस काढाच. 9 तारखेच्या आसपास आलात तर सकाळी ह्यांच्याबरोबर भैय्या चौकात जा, आणि तिथून आम्ही तुम्हाला दिराच्या शेतावर नेऊ. हुरडा तोवर धरायला लागलेला असतो. चटणी मी करून ठेवते, तिखट किती चालतं तेवढं कळवा.

तुमची,
सोलापूरची काकू