सीझन पुढे ढकलताना खेळाडूच्या काँट्रॅक्टचं काय, मंत्रीसाहेब?

मा. केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडवियाजी,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीचा. फातोर्ड्याला फुटबॉलची मॅच असली की दुकान लवकर बंद करून मडगाव गाठतो. इंडियन सुपर लीग 14 फेब्रुवारीला सुरू होणार असं तुम्ही 6 जानेवारी 2026 ला जाहीर केलंत तेव्हा खरंच जीव भांड्यात पडला, जुलैपासून लीग होल्डवर होती आणि आमच्या पोरांनी कशाच्या भरवशावर प्रॅक्टिस करायची तेच कळत नव्हतं. त्यासाठी मनापासून आभार. पण साहेब, तारीख तुम्ही बदलू शकता, काँट्रॅक्ट नाही. ते क्लब आणि खेळाडूमधलं असतं.

माझा भाचा डिफेंडर, म्हापशात भाड्याच्या खोलीत राहायचा, खालच्या डिव्हिजनला खेळायचा. काँट्रॅक्ट 31 मेपर्यंत होतं आणि मॅच गेल्या पुढे. मग एका संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर मैदानाच्या कडेलाच मॅनेजरने कागद पुढे केला, पोरगा घामाने निथळत होता, पेन हातातून निसटत होतं, त्याने न वाचताच सही केली. नवी तारीख होती, जूनच्या पगाराची ओळच नव्हती. जूनमध्ये गुडघा गेला. एमआरआयचे पैसे बहिणीने भरले.

आपला काँट्रॅक्ट ॲक्ट 1872 चा, त्याचं कलम 62 सांगतं की जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा तर दोघांची संमती हवी. कलम 56 अशक्य झालेल्या गोष्टीसाठी आहे, स्पॉन्सर गेला किंवा खर्च वाढला म्हणजे पगार देणं अशक्य झालं असं होत नाही. 2020 ला कोविडमध्ये फिफानेसुद्धा करार सीझन संपेपर्यंत वाढवा असं सुचवलंच फक्त, लादू शकली नाही. इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबचा रायन फ्रेझर 30 जूनला करार संपल्यावर निघून गेला, क्लब रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या, तोंडावर होता तरी कोणी अडवू शकलं नाही. लोनवरचा, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसना घेतलेला, खेळाडू असेल तर दोन क्लब आणि तो, तिघांच्या सह्या लागतात. फॉरेनरचा व्हिसा आणखी वेगळा.

आणि यावेळचा घोळ काही आभाळातून पडला नव्हता, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा व्यावसायिक हक्कांचा 2010 चा 15 वर्षांचा करार डिसेंबर 2025 ला संपणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मग एवढी वर्षं काय केलं?

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी सीझन हलवायचा असेल तर तारीख जाहीर करण्याआधी क्लब, फेडरेशन आणि फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया यांना एकत्र बसवा आणि एक्स्टेन्शनचा एकच नमुना ठरवा. त्यात वाढीव महिन्यांचा पगार, इन्शुरन्स, दुखापतीचा खर्च स्पष्ट लिहिलेला असू दे, वाचायला निदान आठवडा मिळू दे, नाही म्हणणाऱ्याला बाकावर बसवू नये. पगारकपातीचंही तेच, ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं तर कोण नाही म्हणणार?

आणि सही झाल्यावर एक कॉपी खेळाडूच्या हातात द्या. भाच्याला ती अजून मिळालेली नाही.

आपला,
डिचोलीचा एक फुटबॉलवेडा